चकमकीच्या बंदुकीचे परीक्षण व संवर्धन

चकमकीच्या बंदुकीचे परीक्षण व संवर्धन म्हणजे गारगोटी आणि पोलाद यांच्या घर्षणातून ठिणगी पाडून चालणाऱ्या, दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीची सुरक्षित तपासणी करणे, तिची ओळख पटवणे आणि तिची पुढील झीज थांबवणे. पश्चिम व मध्य भारतात अशा बंदुका प्रामुख्याने जुने वाडे, गढ्या, संस्थानिकांची शस्त्रागारे आणि सरदार किंवा मालगुजार घराण्यांच्या संग्रहांत आढळतात. वर्धा जिल्हा हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता आणि १८०३ नंतर या राज्याची पश्चिम सीमा वर्धा नदीवर आली. त्यामुळे या परिसरातील जुन्या शस्त्रांना स्थानिक इतिहासाची साधने म्हणून महत्त्व आहे.

अशा वस्तूच्या बाबतीत तीन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. बंदूक अजूनही भरलेली असू शकते, म्हणून प्रश्न सुरक्षिततेचा असतो. ती शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, म्हणून तो कायद्याचाही असतो. शिवाय उत्साहाने केलेली घासपूस तिच्यावरील खुणा कायमच्या पुसून टाकते, म्हणून तो पुराव्याच्या जतनाचाही असतो. संग्रहालयशास्त्रात अशा बंदुकीला पुन्हा चालू स्थितीत आणणे हे उद्दिष्ट मानले जात नाही. ती ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत स्थिर करणे हे उद्दिष्ट मानले जाते.

रचना व कार्यपद्धती

ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी आणि चिंधी किंवा कागदाचा बोळा नळीच्या तोंडातून आत घालून गजाने ठासतात. नळीच्या मागील टोकाला आटे असलेली लोखंडी डाट बसवलेली असते. डाटेच्या किंचित पुढे, नळीच्या बाजूला एक बारीक छिद्र असते, त्याला कान म्हणतात. कानाच्या बाहेर लहान वाटीसारखा खळगा असून त्यात रंजक, म्हणजे बारीक दळलेली दारू ठेवतात.

बंदुकीच्या उजव्या बाजूस बसवलेल्या यंत्रणेला कळ म्हणतात. कळीवरील घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या किंवा शिशाच्या घडीत धरलेली गारगोटी असते. चाप ओढल्यावर घोडा पुढे येतो, गारगोटी पोलादी झाकणावर घासते, झाकण उघडते आणि ठिणग्या रंजकावर पडतात. रंजकाची ज्वाला कानातून आत जाऊन मुख्य दारू पेट घेते. तोडेदार बंदुकीत हेच काम जळत्या वातीने, म्हणजे तोड्याने होत असे.

या पद्धतीची विकसित कळ सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये तयार झाली आणि पुढील दोन शतके युरोपीय सैन्यांत तीच वापरात होती. १८०७ मध्ये स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या वापराचे पेटंट घेतले. त्यातून टोपीच्या बंदुका निघाल्या आणि १८४० च्या सुमारास चकमकीची कळ लष्करी वापरातून मागे पडू लागली.

चकमकीच्या बहुतेक लष्करी बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असते. नळीच्या आत पिळदार खाचा असतील तरच तिला रायफल म्हणतात. ब्रिटिश सैन्यातील बेकर रायफल हे चकमकीच्या रायफलीचे प्रसिद्ध उदाहरण असून ती १८०० पासून वापरात आली. तिची नळी सुमारे ३० इंच लांब, व्यास ०.६२५ इंच आणि आतील खाचा सात असत. भारतात सापडणाऱ्या जुन्या बंदुकीला बोलीभाषेत सरसकट रायफल म्हटले जाते. मात्र नळीच्या आतील भाग पाहिल्याखेरीज तसे नोंदवणे योग्य नसते. उलट, काही भारतीय तोडेदार बंदुकांच्या नळ्यांतही पिळदार खाचा आढळतात.

वर्धा परिसरातील ऐतिहासिक संदर्भ

मराठी राज्यांत तोडेदार बंदूक शेवटपर्यंत मोठ्या प्रमाणावर टिकून होती. तिची रचना सोपी होती, गावचा लोहार ती दुरुस्त करू शके आणि तिला घडीव गारगोट्यांचा पुरवठा लागत नसे. चकमकीच्या बंदुकांचा प्रसार मुख्यतः युरोपीय धर्तीवर कवायत केलेल्या पायदळाबरोबर झाला. पानिपतच्या तिसऱ्या लढाईतील (१७६१) इब्राहिमखान गारदी याच्या पलटणी आणि पुढे महादजी शिंदे यांच्यासाठी बेन्वा द बॉय्न याने उभारलेल्या पलटणी ही अशा पायदळाची ठळक उदाहरणे होत.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड येथे भोसल्यांच्या किंवा शिंदे-भोसल्यांच्या संयुक्त फौजांचा पराभव झाला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलुखावरील हक्क सोडावे लागले. पुढील काळात पेंढाऱ्यांच्या धाडींपासून बचावासाठी या भागातील अनेक गावांनी मातीच्या गढ्यांचा आसरा घेतला. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डी येथे अप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याची कंपनीच्या फौजेशी लढाई झाली. मे १८१८ मध्ये कंपनीच्या सैन्याने चांद्याचा किल्ला घेतला. या पंधरा वर्षांत तोडेदार, चकमकीच्या आणि अरब शिपायांनी आणलेल्या लांब नळीच्या बंदुका या प्रदेशात एकाच वेळी वापरात होत्या.

तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. त्याचे मुख्यालय आधी पुलगावजवळील कवठा येथे होते व १८६६ मध्ये ते पालकवाडी येथे, म्हणजे आजच्या वर्धा शहराच्या जागी आले. १८५७ च्या उठावानंतर शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध आले आणि १८७८ च्या भारतीय शस्त्र कायद्याने परवाना पद्धत देशभर लागू झाली. त्यानंतर जुनी शस्त्रे एक तर सरकारजमा झाली, परवान्यावर राहिली किंवा माळ्यावर, कणगीमागे व भिंतीतील कोनाड्यांत पडून राहिली.

पूर्व विदर्भात ठासणीच्या बंदुकीला भरमार बंदूक असेही म्हणतात. पिकांच्या राखणीसाठी विसाव्या शतकातही अशा बंदुका वापरात होत्या, पण त्या बहुधा टोपीच्या आणि अलीकडच्या बनावटीच्या असतात. त्यामुळे घरात सापडलेली प्रत्येक ठासणीची बंदूक भोसलेकालीन असतेच असे नाही.

कायदेशीर स्थिती

भारतात बंदूक बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावर अवलंबून आहे. या अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांसाठी सूट आहे. कालबाह्य नमुन्याचे, पुरातन मूल्य असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला अधिनियम लागू होत नाही. या तरतुदीतील ‘दुरुस्ती करूनही’ ही अट निर्णायक आहे. गंजलेली पण नळी, डाट आणि कळ शाबूत असलेली बंदूक केवळ जुनी आहे म्हणून सुटीस पात्र ठरत नाही. सुटीत न बसणाऱ्या ऐतिहासिक शस्त्रांसाठी शस्त्र नियमांत स्वतंत्र वर्ग असून त्यांनाही परवाना लागतो.

वर्धा जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे. अशी वस्तू सापडल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देऊन नोंद करणे, हा तिच्या पुढील जतनाचाही पाया ठरतो. कारण नोंद नसलेली वस्तू संग्रहालय स्वीकारू शकत नाही आणि संवर्धकही हातात घेत नाही. बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठी दुरुस्ती करणाऱ्याकडेही स्वतंत्र परवाना असावा लागतो. त्यामुळे गावातील वेल्डिंगच्या दुकानात नळी किंवा कळ नीट करून घेणे हे मालक व कारागीर या दोघांसाठीही गुन्ह्याचे ठरू शकते.

याखेरीज आणखी दोन कायदे लागू पडू शकतात. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू मानली जाते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पडक्या गढीची माती उपसताना किंवा वाड्याची भिंत पाडताना मिळालेल्या शस्त्राला हा कायदा लागू होऊ शकतो. बंदुकीसोबत दारूचे शिंग, तोटे किंवा मोकळी दारू सापडली तर तिला स्फोटक पदार्थांचे नियम लागू होतात. या विषयाची केंद्रीय यंत्रणा असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

प्राथमिक सुरक्षा तपासणी

जुनी ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असे गृहीत धरून तपासणीस आरंभ करतात. ठासणीची बंदूक भरल्यानंतर ती रिकामी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे बार काढणे हाच असे. त्यामुळे राखणीसाठी भरून ठेवलेली बंदूक तशीच टांगून राहिल्याचे प्रकार जगभर आढळतात. काळी दारू ही सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण असून ती कोरडी राहिल्यास शतकानंतरही पेट घेऊ शकते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील अठराव्या शतकातील एका तोफेची २०१३ मध्ये सफाई करताना तिच्यात दारू, बोळा आणि गोळा जसेच्या तसे आढळले होते.

तपासणीच्या वेळी बंदूक आडवी ठेवून तिचे तोंड निर्जन दिशेला करतात. नळीच्या तोंडासमोर किंवा कानाच्या बाजूला कोणी उभे राहत नाही. घोडा ओढून पाहणे, चाप दाबणे, नळीत डोकावणे, तसेच बंदुकीजवळ दिवा, उदबत्ती वा विडी पेटवणे टाळतात.

भरलेली बंदूक ओळखण्याची सर्वमान्य रीत मोजमापाची आहे. लाकडाची किंवा पितळेची सरळ काठी नळीत हलकेच तळापर्यंत सोडतात आणि तोंडाशी काठीवर खूण करतात. काठी बाहेर काढून ती खूण नळीच्या तोंडाशी जुळवून नळीला समांतर धरतात. नळी रिकामी असल्यास काठीचे टोक कानाच्या जवळपास पोहोचते. ते दोन बोटे किंवा त्याहून अधिक अलीकडे थांबल्यास आत काहीतरी आहे असे समजतात. ती दारू व गोळी असू शकते, तसेच गंजाचा थर, चिंधी किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घरही असू शकते. लोखंडी सळईने ठोकून पाहणे धोक्याचे असते.

नळी भरलेली असल्याची शंका आल्यास काम तेथेच थांबवून पोलिसांना कळवतात. बार मोकळा करणे हे बॉम्बशोधक व नाशक पथकाचे किंवा परवानाधारक तज्ज्ञाचे काम आहे. नळी तापवणे, डाट पाना लावून फिरवणे किंवा बार उडवून टाकणे यांमुळे गंभीर अपघात होऊ शकतात.

परीक्षण व नोंद

साफसफाईच्या आधी बंदुकीचे सविस्तर अभिलेखन करतात. दोन्ही बाजूंची, वरची, खालची आणि प्रत्येक खुणेची छायाचित्रे मोजपट्टीसह घेतात. एकूण लांबी, नळीची लांबी, तोंडाचा व्यास आणि वजन नोंदवतात. वस्तू कोठे, कशाखाली व कशासोबत सापडली, घरात तिच्याविषयी काय सांगितले जाते, हेही लिहून ठेवतात. घरातील आठवण आणि वस्तूवरील पुरावा हे वेगळे नोंदवणे आवश्यक असते.

नळी: युरोपीय लष्करी बंदुकीची नळी बहुधा गोल असते आणि तिच्या मागील भागावर तपासणीचे ठसे असतात. भारतीय नळ्यांत पोलादाच्या पिळांची लहरीदार नक्षी, तोंडाशी नक्षीदार फुगवटा किंवा सोन्याचांदीची कोफ्तगिरी आढळते. ही नक्षी गंजाखाली झाकलेली असू शकते, म्हणून नळी घासण्याआधी ती निश्चितपणे पाहिली जाते. नळीवरील उभ्या भेगा, जोडाच्या रेषा आणि कानाभोवतीची झीज स्वतंत्रपणे नोंदवतात.

कळ: कंपनीच्या बंदुकांच्या कळीवर ओळखचिन्ह असते. सुरुवातीच्या काळात ते हृदयाच्या आकारात कंपनीची आद्याक्षरे असे असून, १८०८ च्या सुमारापासून त्याची जागा मागील पायांवर उभ्या सिंहाने घेतली. कंपनीसाठी तयार झालेल्या ‘भारतीय नमुना’ बंदुकीची नळी ३९ इंच आणि व्यास सुमारे पाऊण इंच असे. हाच नमुना ब्रिटिश सरकारने फ्रान्सविरुद्धच्या युद्धाच्या काळात, १७९७ मध्ये आपल्या सैन्यासाठी स्वीकारला. ‘ब्राउन बेस’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या बंदुकांतील हा सर्वाधिक संख्येने बनलेला नमुना आहे. सिंहाचे चिन्ह आढळले तरी बंदूक कंपनीच्या शिपायाचीच होती असे सिद्ध होत नाही. अशा बंदुका विकल्या गेल्या, लुटल्या गेल्या आणि त्यांच्या कळी देशी बंदुकांवरही चढवल्या गेल्या.

रूपांतराच्या खुणा: एकोणिसाव्या शतकात अनेक चकमकीच्या बंदुका टोपीच्या करण्यात आल्या. अशा बंदुकीत रंजकाची वाटी व पोलादी झाकण काढलेले असते, कळीच्या पट्टीवर जुन्या स्क्रूंची बुजवलेली छिद्रे दिसतात आणि कानाच्या जागी टोपीसाठी नळकांडे बसवलेले असते. कधी कधी बाजारात किंमत वाढवण्यासाठी अशी बंदूक पुन्हा चकमकीची केली जाते. नव्या झाकणाचा रंग, स्क्रूंचे आटे आणि कळीच्या आतील भागांवरील जुळणीच्या खुणा यांवरून हे ओळखता येते. मात्र रूपांतर हा दोष नसून त्या बंदुकीच्या आयुष्यातील एक टप्पा असतो, म्हणून तो पूर्ववत करत नाहीत.

दस्ता: युरोपीय बंदुकीचा दस्ता बहुधा अक्रोडाचा, तर देशी बंदुकीचा शिसव किंवा तत्सम स्थानिक लाकडाचा असतो. कळीभोवतीच्या भेगा, गजाच्या खोबणीतील तडे, वाळवीने पोखरलेला भाग आणि तार, चामडे वा लाख वापरून केलेली जुनी दुरुस्ती तपासतात. शिपायाने कोरलेली अक्षरे, पलटणीचे आकडे किंवा मोडीतील खुणा दस्त्यावर असू शकतात. पॉलिश करताना सर्वात आधी याच खुणा नष्ट होतात.

गंज: गंजाचे दोन प्रकार वेगळे केले जातात. गडद तपकिरी किंवा काळसर, घट्ट चिकटलेला थर हा बहुधा स्थिर असतो आणि तो खालच्या धातूचे रक्षण करतो. नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा किंवा फोड येऊन सुटणारा गंज सक्रिय असतो. जळालेल्या दारूचे अवशेष हवेतील ओलावा शोषून घेतात, त्यामुळे नळीच्या आत, कानाजवळ आणि रंजकाच्या वाटीत तो अधिक आढळतो. घामातील क्षारांमुळे हातांच्या ठशांच्या जागीही असा गंज धरतो.

संवर्धनाची पद्धत

संवर्धनात दोन तत्त्वे पाळली जातात. हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा आणि वापरलेला पदार्थ पुढे काढून टाकता यावा. काम केल्यावर बंदूक नवी दिसू लागली, तर बहुधा मूळ पृष्ठभाग गेलेला असतो.

प्रथम मऊ ब्रशने धूळ, जाळी व माती कोरडीच काढतात. पाण्याचा वापर करत नाहीत. लोखंडी भागांवर हलके खनिज तेल लावून काही दिवस राहू देतात. नंतर सुटा झालेला गंज बांबूच्या, लाकडाच्या किंवा पितळेच्या बोथट पट्टीने उचलतात. गरज भासल्यास तेलात भिजवलेली अतिसूक्ष्म पोलादी लोकर हलक्या हाताने वापरतात आणि स्थिर तपकिरी थर दिसू लागताच थांबतात. पॉलिश कागद, ग्राइंडरवरील तारेचा ब्रश, वाळूचा मारा आणि आम्ले वर्ज्य मानली जातात. विजेच्या साहाय्याने किंवा टॅनिक आम्लाने गंजावर प्रक्रिया करण्याच्या पद्धती आहेत, पण त्या प्रशिक्षित संवर्धकाच्या देखरेखीखालीच वापरतात.

पितळी भागांबाबत घरगुती सवय विशेष हानिकारक ठरते. देवघरातील भांड्यांप्रमाणे चिंच, लिंबू किंवा राख लावून पितळ चकचकीत केले, तर आम्लाचा अंश लाकडाच्या फटीत उतरतो आणि कोरीव खुणा झिजतात. अमोनियायुक्त पॉलिशही टाळतात. ताण असलेल्या पितळेला अमोनियाच्या सान्निध्यात तडे जातात. ब्रिटिश भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांची पितळी पुंगळी आपोआप तडकत असे. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया हे त्याचे कारण होते, हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्पष्ट झाले.

कळ शक्यतो सुटी करत नाहीत. आत सक्रिय गंज असल्यास परवानाधारक व जाणकार व्यक्तीकडून ती उतरवली जाते. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस वापरतात, जाम झालेल्या स्क्रूवर तेल सोडून वाट पाहतात आणि प्रत्येक स्क्रू कोणत्या छिद्रातील आहे याची नोंद ठेवतात, कारण हाताने बनवलेल्या स्क्रूंचे आटे एकमेकांशी जुळत नाहीत. मुख्य कमान ताणलेली असल्याने ती दाबपकडीशिवाय काढल्यास तुटते किंवा उडून इजा करते. नळीची मागची डाट उघडत नाहीत. गंजाने एकजीव झालेले आटे जोर लावल्यावर नळीसह फाटू शकतात.

दस्त्यासाठी विदर्भात सहज मिळणारे जवसाचे तेल वापरण्याकडे कल असतो. जवसाचे तेल लाकडात शिरून कडक होते, काळवंडते, धूळ धरते आणि पुन्हा काढता येत नाही. म्हणून संवर्धक सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर देणे पसंत करतात. तेच मेण धातूवरही चालते. जिवंत वाळवी किंवा भुंगेरे असल्यास लाकडावर रॉकेल ओतत नाहीत. वस्तू वेगळी ठेवून प्राणवायूविरहित वेष्टनासारख्या पद्धतीने कीड मारतात. नाहीसा झालेला भाग नव्याने बसवल्यास तो मूळ नाही हे नोंदीत आणि शक्यतो भागावरही दर्शवतात.

अशा कामासाठी लखनौ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र या तज्ज्ञ संस्था आहेत. वर्ध्यापासून सर्वात जवळचे मोठे संग्रहालय म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आणि अजब बंगला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहालयात जुन्या शस्त्रांचे दालन आहे.

साठवण आणि शस्त्रपूजन

वर्धा जिल्ह्याचे हवामान लाकूड व लोखंड एकत्र असलेल्या वस्तूला प्रतिकूल आहे. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि हवा अत्यंत कोरडी असते. जूननंतर अल्पावधीतच आर्द्रता झपाट्याने वाढते. कोरड्या हवेत लाकूड आकसून कळीभोवती तडकते, तर दमट हवेत ते फुगते आणि लोखंड गंजते. म्हणून सरासरी आर्द्रतेपेक्षा तिच्यातील चढउतार कमी राखण्याला महत्त्व देतात. मिश्र वस्तूंसाठी साधारणतः ४५ ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते.

बंदूक बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा खिळ्याला टांगून न ठेवता, आतल्या खोलीतील कुलूपबंद कपाटात मऊ आधारांवर आडवी ठेवतात. चामड्याचे किंवा लोकरीचे आवरण ओलावा धरते, त्याऐवजी धुतलेले सुती कापड व सिलिका जेल वापरतात. नळीच्या तोंडात बूच मारत नाहीत. हाताळताना हातमोजे घालतात. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून किमान दोनदा पाहणी करतात.

अनेक घराण्यांत खंडेनवमीला किंवा दसऱ्याला जुनी शस्त्रे बाहेर काढून त्यांची पूजा होते. वर्षातून एकदा शस्त्र बाहेर येऊन पाहिले जाते, हा या प्रथेचा जतनाच्या दृष्टीने लाभ आहे. मात्र पूजेपूर्वी शस्त्र घासून लखलखीत करणे, त्यावर पाणी शिंपडणे, ओले हळदकुंकू व फुले वाहणे यांमुळे दरवर्षी थोडा धातू झिजतो आणि कोरीव भागांत ओलावा साठून गंज वाढतो. शस्त्र कोरड्या कापडावर ठेवून हळदकुंकू व फुले त्यासमोर वाहणे आणि पूजेनंतर ते कोरडे पुसून परत ठेवणे हा सुरक्षित पर्याय आहे.

पुन्हा बार काढण्याविषयी

वरून शाबूत दिसणारी जुनी नळी आतून कमकुवत असू शकते. त्या काळातील नळ्या लोखंडी पट्टी गुंडाळून, तापवून जोडलेल्या असत. जोडाच्या रेषेत शिरलेला गंज, कानाची वाढलेली झीज आणि डाटेच्या आट्यांची हानी डोळ्यांना दिसत नाही. अशी नळी बार काढताना फुटल्यास तिचे तुकडे वापरणाऱ्याच्या डाव्या हाताला व चेहऱ्याला लागतात. म्हणून संग्रहालये मूळ बंदुकीतून कधीही बार काढत नाहीत. जेथे प्रात्यक्षिक दाखवले जाते तेथे नव्याने बनवलेल्या आणि तपासणी झालेल्या प्रतिकृती वापरतात.

नेपाळमधील शस्त्रसाठा

दुर्लक्षित चकमकीच्या बंदुकांचे दक्षिण आशियातील सर्वात मोठे ज्ञात उदाहरण नेपाळमधील आहे. काठमांडू येथील लगन सिलेखाना या जुन्या वाड्यात साठवलेली हजारो कालबाह्य शस्त्रे २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतली. त्यांत कंपनीच्या ‘भारतीय नमुना’ बंदुकाही होत्या. वाळलेले ग्रीस, धूळ व माती यांच्या थराखाली अनेक भाग टिकून राहिले होते. ही शस्त्रे पुढे सुटी सुटी जगभर विकली गेली. त्यामुळे अभ्यासकांना नमुने उपलब्ध झाले, पण कोणती बंदूक कोणत्या साठ्यात व कशासोबत होती हा संदर्भ विखुरला. वस्तू ज्या जागी सापडली ती जागा आणि तिच्यासोबतच्या वस्तू यांची नोंद आधी करण्याची गरज या उदाहरणातून स्पष्ट होते.

हे सुद्धा पहा

ठासणीची बंदूक
तोडेदार बंदूक
बेकर रायफल
सीताबर्डीची लढाई
देवगावचा तह
नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय
वर्धा जिल्हा